लसचाचणीतलं माकड नेमकं कुठलं?

2016 साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात गोचिडीतून पसरणारा माकडताप आला, आणि घाटाच्या अलीकडे बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीतही मेलेलं वानर दिसलं की गोचिडीचा विषय निघू लागला. लशीची गोष्ट निघाली की 'माकडांवर चाचणी झाली का?' हे ठरलेलंच. पण कुठल्या माकडांवर?

भीमगडच्या जंगलात, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखं दिसतं ते बॉनेट माकड. प्रयोगशाळांत पूर्वापार वापरात आहे ते रीसस, उत्तर भारतातलं. 1950 च्या दशकात पोलिओ लशीपायी एकेका वर्षी लाखाच्या वर रीसस अमेरिकेला गेली. लष्करी किरणोत्सर्ग-चाचण्यांत त्यांचे हाल होतात हे उघड झालं, आणि 1978 मध्ये मोरारजी देसाई सरकारने निर्यात बंद केली. मग तिकडे आधी नेलेल्यांचीच पैदास वाढवली, काही चीनमधूनही आणली.

प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना ओळखून अडवणारी शरीरातली प्रथिनं, कशी बनतात याचा उलगडा त्याच सुमारास होत होता. सुसुमु तोनेगावा यांनी 1976 मध्ये उंदरांत दाखवलं की प्रतिपिंडाचा जनुक अखंड मिळत नाही, पेशी वेगवेगळे तुकडे जोडून तो तयार करते. 1987 चं नोबेल त्यासाठीच. पुढे लस टोचल्यावर त्या जनुकात आणखी बदल होत जातात, आणि लशीने किती काम केलं हे संशोधक त्या बदलांवरून जोखतात. खरी मेख इथे आहे. बदल मोजायचा तर जन्मजात जनुक कसा होता ते माहीत हवं. दुसऱ्याच माकडाच्या जन्मजात जनुकांची यादी समोर ठेवली, तर आईबापाकडून आलेला फरकही लशीच्या खात्यावर जमा होतो. मैलाचा दगडच सरकलेला असेल तर अंतर बरोबर कसं येणार?

2007 मध्ये रीससचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, प्रसिद्ध झाला, तो भारतीय वंशाच्या एका मादीचा. प्रतिपिंडांच्या भागात जवळजवळ सारखे जनुक एकाला एक लागून असल्याने तिथे बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्या. शिवाय एकाच जनावरावरून जातीची यादी करायची, हे मुळातच लंगडं. 2021 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने अनेक माकडं स्वतंत्रपणे तपासली. एकाच जातीतल्या दोन माकडांतही हे जनुक खूप वेगळे निघाले. म्हणून आता चाचणीतल्या प्रत्येक माकडाची यादी वेगळी काढावी, असा आग्रह आहे.

बॉनेट तर जातच निराळी. रीससची यादी तिला परस्पर लावणं धोक्याचं.