प्राण्यांमधला ताण आणि रोगप्रतिकारशक्ती

धोका, वेदना, उपासमार, कडक ऊन, गर्दी, कळपातून एकटं पडणं, यातलं काहीही झालं की प्राण्याच्या शरीरात जे बदल होतात त्याला ताण किंवा स्ट्रेस म्हणतात, आणि या ताणाचा रोगांशी लढायच्या ताकदीवर थेट परिणाम होतो. "स्ट्रेस आला की इम्युनिटी डाऊन" असं सगळे सरसकट म्हणतात पण ते अर्धंच खरं आहे, ताण किती वेळ टिकला यावर बरंचसं ठरतं.

या विषयात पहिलं नाव येतं शास्त्रज्ञ हान्स सेली यांचं. 1936 साली त्यांनी दाखवलं की उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, दमेपर्यंत पळवा नाहीतर विषारी औषध द्या, कारण काहीही असो, आत तेच तीन बदल दिसतात: मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी फुगतात, पोटात अल्सर होतात आणि थायमस आक्रसतो. आता थायमस म्हणजे रोगांशी लढणाऱ्या टी पेशी जिथे तयार होऊन बाहेर पडतात ती छातीतली जागा, तीच लहान झाली म्हटल्यावर ताणाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध आहे हे उघडच होतं.

हे घडतं दोन वाटांनी. एक वाट नसांची, त्यात काही सेकंदांत अॅड्रिनलिन सुटतं. दुसरी जरा सावकाश, मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी अॅड्रिनलला, आणि मग काही मिनिटांत गाय, डुक्कर, कुत्रा, मासे यांच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढतं, उंदीर आणि पक्षी यांच्यात त्याच कामाचं कॉर्टिकोस्टेरॉन. हे हार्मोन पांढऱ्या पेशींच्या आत शिरून सूज आणणाऱ्या प्रोटीन्सचे जीन्स दाबून टाकतं, म्हणून तर डॉक्टर सूज उतरवायला स्टेरॉइड देतात, गोष्ट एकच.

थोडा वेळचा ताण मात्र उलट वागतो. उंदरांना तास-दोन तास ताण दिला तर लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, टी पेशी यातल्याच) रक्तातून निघून त्वचेसारख्या ठिकाणी जमतात आणि तिथली प्रतिक्रिया चांगलीच जोरदार होते. शिकारी मागे लागलाय म्हणजे चावा बसणार, जखम होणार, तर शिपाई आधीच नाक्यावर नेऊन उभे केल्यासारखं आहे हे. रक्ततपासणीत लिम्फोसाइट कमी दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं पेशी मेल्या, त्या मेलेल्या नसतात, दुसरीकडे गेलेल्या असतात.

न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यांचं याच्या बरोब्बर उलटं आहे आणि इथे खूप जणांची गल्लत होते. कॉर्टिसॉलमुळे न्यूट्रोफिलवरचं सिलेक्टिन नावाचं चिकटणारं प्रोटीन कमी होतं, मग त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला धरू शकत नाहीत, नुसत्या रक्तात फिरत राहतात, रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला आणि जिथे जंतू शिरलेत तिथे मात्र पोचतायत कमी. गाय व्यायच्या सुमाराला कॉर्टिसॉल वाढतं आणि नेमकं त्याच दिवसांत तिला कासदाह लवकर होतो, त्यामागचं एक कारण हे.

ताण दिवसेंदिवस राहिला की खरा घोळ. दूध तोडलेली वासरं लगेच लांबच्या प्रवासाला नेली, अनोळखी जनावरांत मिसळली, की न्यूमोनिया होतो, त्याला शिपिंग फीवर असंच नाव पडलंय. यातला जिवाणू बहुतेक वेळा बाहेरून येतही नाही, तो निरोगी वासराच्या नाकाघशात आधीपासूनच असतो, पहारा ढिला पडला की फुफ्फुसात उतरतो. मांजरांमधला हर्पिस व्हायरस तर मज्जातंतूंच्या गाठीत वर्षानुवर्षं झोपून असतो, घर बदललं किंवा बोर्डिंगला ठेवलं की साधारण आठवड्याभरात परत बाहेर पडायला लागतो, मांजर शिंकतं, डोळे गळतात, आणि मालकाला वाटतं तिथूनच रोग आणला.

टोकाचं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या अँटेकायनस या उंदराएवढ्या पिशवीवाल्या प्राण्याचं. माजाचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवडे, त्यात नरांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल वाढतं आणि त्याला बांधून ठेवणारं प्रोटीन कमी होतं, मग प्रतिकारशक्ती कोसळते, पोटात रक्तस्राव, परजीवी, इन्फेक्शन, आणि हंगाम संपेपर्यंत सगळेच्या सगळे नर मरतात, माद्या राहतात.

हे सगळं मोजायचं म्हणजे कटकटच, कारण प्राण्याला पकडणं हाच मोठा ताण. जंगली पक्ष्याचं रक्त पकडल्यापासून साधारण 3 मिनिटांत घ्यावं लागतं, नाहीतर हातात येतो तो आपणच दिलेल्या ताणाचा आकडा. म्हणून विष्ठा, केस, पिसं यांतून हार्मोन मोजतात, पक्ष्यांमध्ये हेटेरोफिल (त्यांच्यातल्या न्यूट्रोफिलसारख्या पेशी) आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तरही बघतात, ते बदलायला जास्त वेळ लागतो त्यामुळे पकडापकडीने लगेच बिघडत नाही.