वीट जितकी लाल तितकी पक्की? नाही हो!

आमच्या कळव्यात सोसायटीचा हॉल बांधायचाय, मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकच, लालभडक वीट घ्या, तीच पक्की. लहानपणापासून हेच ऐकतोय, पण हे खरं नाहीये. लाल रंग येतो मातीतल्या लोहामुळे, भट्टीत ते गंजासारखंच लाल होतं, आणि मातीत चुना जास्त असेल तर तीच वीट नीट भाजूनही पिवळट निघते. म्हणजे रंग मातीचा, ताकद मुख्यतः भाजणीची.

मग बघायचं काय? दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज यायला हवा, बद्द नको. नखाने ओरखडा उठला तर ती कच्ची. आणि खरी टेस्ट पाण्याची, कोरडी वीट वजन करून २४ तास बुडवायची, ३ किलोची वीट ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली तर नकोच, नेहमीच्या विटेला आयएसची, म्हणजे भारतीय मानकाची, मर्यादा २० टक्केच आहे, आणि आपल्याकडचा पाऊस तर माहितीच आहे.

रंगाचं म्हणाल तर मला मनापासून वाटतं, आतल्या भिंती उघड्या विटेच्याच ठेवूया, दर काही वर्षांनी रंगाचे डबे आणायलाच नकोत.