लिनक्सवरील क्लिपबोर्ड (हलके डेस्कटॉप)

एका प्रोग्रामातला मजकूर उचलून दुसऱ्यात नेण्याच्या सोयीला क्लिपबोर्ड म्हणतात. ओपनबॉक्स, आयथ्री, फ्लक्सबॉक्स असे नुसते विंडो मॅनेजर (फक्त खिडक्यांची मांडणी सांभाळणारे प्रोग्राम) किंवा एलएक्सडीई, एक्सएफसीई असे कमी मेमरीत चालणारे डेस्कटॉप वापरणाऱ्यांना ही सोय अनेकदा हाताने बसवून घ्यावी लागते. नावावरून क्लिपबोर्ड म्हणजे एखादा कप्पा वाटतो, कॉपी केलेले त्यात जाऊन पडत असेल असे वाटते. लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिममध्ये (थोडक्यात एक्स) असा कप्पाच नाही. कॉपी-पेस्टच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

साध्या ओपनबॉक्सवर माउसपॅड हा मजकूर-संपादक उघडून एक पत्ता लिहावा, कंट्रोल+सी दाबावे, खिडकी बंद करावी आणि ब्राउझरमध्ये जाऊन कंट्रोल+व्ही दाबावे. काहीच उमटत नाही. मशीन बिघडलेले नसते. कंट्रोल+सी दाबताच माउसपॅडने एक्स सर्व्हरला, म्हणजे एक्सच्या मध्यवर्ती प्रोग्रामाला, एवढेच कळवलेले असते की ‘क्लिपबोर्ड’ नावाच्या निवडीची (सिलेक्शनची) मालकी आता माझ्याकडे. पत्त्याचे एक अक्षरही तेव्हा कुठे हललेले नसते. पेस्टच्या वेळी ब्राउझर सर्व्हरमार्फत त्या मालकाकडे मजकूर मागतो, आधी कोणकोणत्या स्वरूपात मिळेल ते विचारतो आणि मग प्रत्यक्ष देवाणघेवाण होते. मालकाची खिडकी मिटली की मालकी संपते, आणि मागणारा हात हलवत परत येतो.

ही रचना १९८० च्या दशकातली आहे. एक्सचे काम एमआयटीत १९८४ साली सुरू झाले आणि आजही चालणारी अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये आली. त्याआधीच, सत्तरच्या दशकाच्या मध्यात, झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी या संपादकात कट-कॉपी-पेस्टची आज ओळखीची असलेली रीत बसवली होती. एक्समध्ये सुरुवातीला ‘कट बफर’ नावाचे आठ कप्पे होते आणि त्यांतला मजकूर खरोखर सर्व्हरवर राहत असे. प्रोग्राम बंद झाला तरी तो टिकायचा. पण त्यात फक्त लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय भाषांच्या अक्षरसंचातला मजकूर बसे. चित्र नाही, देवनागरी तर नाहीच. मालकीच्या पद्धतीत मात्र मालक हवे ते स्वरूप देऊ शकतो. मजकूर टिकण्याची हमी गेली, पण काय नेता येईल यावरची मर्यादाही गेली. मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचाच ठरला, असे म्हणायला हवे.

निवडी तीन आहेत : प्रायमरी, सेकंडरी आणि क्लिपबोर्ड. सेकंडरी जवळजवळ कोणी वापरत नाही. माउसने मजकूर नुसता रंगवला की तो प्रायमरी होतो आणि माउसचे मधले बटण दाबून चिकटवता येतो. कंट्रोल+सी आणि कंट्रोल+व्ही यांचा संबंध क्लिपबोर्डशी. दोन्ही स्वतंत्र असल्यामुळे एकाच वेळी दोन वेगळे तुकडे हाताशी ठेवता येतात, आणि सवय झाली की याशिवाय चैन पडत नाही. नव्या माणसाला मात्र एका ठिकाणी उचललेले दुसऱ्या ठिकाणी का सापडत नाही, हे कळत नाही. लॅपटॉपला मधले बटण नसेल तर टचपॅडवर तीन बोटांनी टिचकी मारावी. मात्र नुसत्या विंडो मॅनेजरवर टिचकीची सोय बहुधा बंद असते, ती आधी चालू करावी लागते.

टर्मिनलमध्ये कंट्रोल+सी म्हणजे चालू काम थांबवण्याचा इशारा, आणि ही प्रथा डेस्कटॉपपेक्षा जुनी आहे. म्हणून एलएक्सटर्मिनल किंवा एक्सएफसीईच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल+शिफ्ट+सी आणि कंट्रोल+शिफ्ट+व्ही वापरतात. एक्सटर्मचा कारभार निराळा. तिथे रंगवलेला मजकूर प्रायमरीत जातो आणि शिफ्ट+इन्सर्टने चिकटतो. तो थेट क्लिपबोर्डवर जावा असे वाटत असेल तर होम फोल्डरातल्या एक्सरिसोर्सेस फाइलमध्ये ‘सिलेक्ट टू क्लिपबोर्ड’ हा गुणधर्म ‘ट्रू’ करावा लागतो. व्हिम या संपादकात तारांकनाचे रजिस्टर (मजकूर ठेवण्याचा कप्पा) प्रायमरीसाठी आणि अधिकचिन्हाचे क्लिपबोर्डसाठी असते. ही रजिस्टरे चालत नसतील तर व्हिम क्लिपबोर्डच्या सोयीशिवाय बांधलेला असण्याची शक्यता मोठी. डेबियनवर व्हिम-जीटीके३ हे पॅकेज घेतले की काम होते.

खिडकी मिटल्यावर मजकूर नाहीसा होण्यावर उपाय क्लिपबोर्ड मॅनेजरचा. हा छोटा प्रोग्राम पार्श्वभूमीत बसून प्रत्येक नव्या निवडीची प्रत स्वतःकडे घेतो आणि मूळ मालक गेला की मालकी स्वतः सांभाळतो. मोठ्या डेस्कटॉपवर ही सोय आधीच असते, म्हणून तिथल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. एक्सएफसीईवर क्लिपमन, इतरत्र पार्सेलाइट हे हलके पर्याय. कॉपीक्यू अधिक सोयींचा, पण थोडा जड. जुना दोन जीबीचा लॅपटॉप पुन्हा कामाला लावणाऱ्याने वॉलपेपर निवडण्याआधी यांतला एक बसवावा. ओपनबॉक्सच्या ऑटोस्टार्ट फाइलमध्ये त्याच्या नावाची एक ओळ पुरते, पण ओळीच्या शेवटी ‘&’ हे चिन्ह विसरू नये. ती फाइल शेल स्क्रिप्ट आहे. चिन्ह नसेल तर स्क्रिप्ट त्या ओळीवरच थांबून राहते आणि पुढचे पॅनेल, आवाजाचे बटण काहीच सुरू होत नाही. पार्सेलाइट आणि क्लिपमन या दोन्हींत प्रायमरी आणि क्लिपबोर्ड जुळवून ठेवण्याचीही सोय आहे. ती चालू केली की सगळीकडे एकच मजकूर मिळतो, पण दोन तुकडे हाताशी ठेवण्याचे सुख जाते.

मॅनेजर इतिहास साठवतो, त्यामुळे कॉपी केलेला पासवर्डही त्याच्या यादीत बसतो. कीपासएक्ससी हा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम स्वतःहून दहा सेकंदांनी क्लिपबोर्ड पुसतो, पण मॅनेजरने घेतलेली प्रत तेवढ्याने जाईलच असे नाही. सायबर कॅफेत किंवा घरच्या सामाईक मशीनवर इतिहास बंद ठेवणेच बरे.

आदेशांच्या ओळीवरून काम करणाऱ्यांसाठी एक्सक्लिप आणि एक्ससेल आहेत. एक्सक्लिप न सांगता प्रायमरीच वापरतो. क्लिपबोर्ड हवा असेल तर तसे सांगावे लागते, आणि पुष्कळ जण इथेच अडतात. एक्सक्लिपला मजकूर देऊन चालू प्रक्रियांची यादी पाहिली तर तो तिथे जिवंत दिसतो. काम संपून प्रॉम्प्ट परत आलेला असतो, तरी मालक म्हणून त्याला मागे थांबावेच लागते. दुसऱ्या कोणी काही कॉपी केले की तो निघून जातो.

देवनागरीची अडचण स्वरूपांच्या वाटाघाटीतून येते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी युनिकोडची पाच चिन्हे असतात, यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत पंधरा बाइट. मागणारा जुना प्रोग्राम केवळ लॅटिन-१ चे स्वरूप मागत असेल तर त्यात यांतले एकही चिन्ह नाही. मग प्रश्नचिन्हे किंवा सांकेतिक आकडे उमटतात. नंतर रूढ झालेले यूटीएफ-८ चे स्वरूप मागणाऱ्या प्रोग्रामात हे होत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेला जुना मराठी मजकूर चिकटवल्यावर जी अगम्य रोमन अक्षरे दिसतात, त्यात मात्र क्लिपबोर्डचा दोष नाही. क्लिपबोर्ड अक्षरांचे संकेत नेतो, त्यांना मराठी रूप देणारा फॉन्ट नेत नाही.

एक्सची जागा घेऊ लागलेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेवर प्रायमरी-क्लिपबोर्ड ही जोडी कायम आहे आणि मालकीचे तत्त्वही. मजकूर मालकाकडून पाइपमार्फत थेट मागणाऱ्याकडे जातो, म्हणून खिडकी मिटल्यावर तो जाण्याचा प्रश्नही तसाच राहतो. पण ज्या खिडकीवर लक्ष केंद्रित आहे तिलाच क्लिपबोर्ड दिसतो, त्यामुळे पार्श्वभूमीतल्या मॅनेजरला खास परवानगीचा प्रोटोकॉल लागतो; स्वे आणि लॅबडब्ल्यूसी हे वेलँडवरचे विंडो मॅनेजर तो देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची प्रणाली रास्पबेरी पाय ओएस सर्व मॉडेलांवर लॅबडब्ल्यूसीकडे वळली, तेव्हा एक्सक्लिपवर बेतलेल्या स्क्रिप्टांच्या जागी अनेकांना डब्ल्यूएल-कॉपी आणि डब्ल्यूएल-पेस्ट हे आदेश शिकावे लागले.