भातशेतीतील हिरवळीचे खत आणि वायू उत्सर्जन (गोवा)

ताग, धैंचा यांसारखे शेंगावर्गीय पीक कोवळेपणी शेतातच गाडणे, किंवा बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला आणून चिखलात तुडवणे, याला हिरवळीचे खत म्हणतात. धैंचा ४५ ते ५० दिवसांत गाडण्याजोगा होतो. त्याच्या मुळावरची गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी निघाली, की नत्र बांधले जात आहे असे समजावे. चांगल्या पिकातून हेक्टरी ६० ते ९० किलो नत्र मिळते. तेवढा युरिया टळला तर तो बनवण्यात जळणारे इंधन वाचते. शिवाय शेतातून उठणारा नायट्रस ऑक्साइडही कमी होऊ शकतो. १०० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक आहे.

मात्र हिरवळ गाडली म्हणजे उत्सर्जन घटलेच, हे म्हणणे अर्धेच खरे. साचल्या पाण्याखाली प्राणवायू संपतो आणि कुजणाऱ्या पाल्यापासून सूक्ष्मजीव मिथेन हा दुसरा तापदायक वायू तयार करतात. तो मुख्यतः भाताच्या रोपातल्या पोकळ्यांतूनच हवेत जातो. चिखलात पाय रोवल्यावर उठणारे बुडबुडे हा त्याचा लहानसा वाटा. लावणीच्या तोंडावर ताजा पाला गाडला तर मिथेन वाढतो. म्हणून दोन-तीन आठवडे आधी गाडावे, पाणी तुंबू देऊ नये आणि युरियाची मात्राही तेवढी उतरवावी. मात्रा तशीच ठेवणाऱ्याच्या पदरी दोन्ही वायू पडतात.

गोव्यात घोडे अडते ते वेळेवर. सरद (पावसाळी) हंगामात पहिला पाऊस आणि लावणी यांमध्ये धैंच्याला उसंत मिळत नाही. भर पावसात खाजनातले (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातले) पाणी हटवणेही कठीण. वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातात, पाणी आपल्या हाती असते. ते मधूनमधून उतरवले तर मिथेन साधारण ३० ते ५० टक्के घटतो. खाजनाला एक उपजत सवलतही आहे. मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) येणाऱ्या खाऱ्या पाण्यात सल्फेट असते, आणि त्यावर जगणारे जिवाणू मिथेनवाल्यांचे अन्न पळवतात. त्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्यामुळे.

गोव्याला सोयीची हिरवळ बहुधा जुनीच आहे: सरदानंतर, वायंगण नसलेल्या शेतात घेतलेले अळसांदे (चवळी). शेंगा तोडून वेल नांगरले की ते कोरड्या मातीत, हवेत कुजतात आणि पावसापर्यंत मिथेनला फारसे काही उरत नाही. नत्र धैंच्यापेक्षा कमी मिळते, आणि तेही मोकाट गुरांनी वेल शिल्लक ठेवले तर.