चहाचा फेसवॉश सौम्य असतो तो कशामुळे?

बाटलीवर चहाची कोवळी पानं, शेजारी कॅमोमाइलचं फूल आणि खाली ‘सौम्य’ हा शब्द. चहा आहे म्हणून सौम्य, असं वाचणाऱ्याला वाटणारच. पण फेसवॉश सौम्य की कडक, हे ठरतं त्यातल्या सर्फॅक्टंटवर, म्हणजे मळ काढणाऱ्या घटकावर, आणि सामूवर, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या पीएचवर.

सर्फॅक्टंटच्या रेणूचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं तेलाशी. पाण्यात असे पुरेसे रेणू असले की त्यांचे सूक्ष्म गोळे होतात, त्यांना मायसेल म्हणतात. चेहऱ्यावरचं तेल, मेकअप, सनस्क्रीन या गोळ्यांच्या पोटात शिरतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं. पंचाईत अशी, की घाण कुठली आणि त्वचेचं स्वतःचं तेल कुठलं, हे सर्फॅक्टंटला कळत नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा. त्यात मृत पेशी आणि त्यांना धरून ठेवणारी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं. सोडियम लॉरिल सल्फेटसारखा कडक सर्फॅक्टंट ही मेदद्रव्यं ओढून नेतो, शिवाय पेशींतल्या प्रथिनांनाही चिकटतो. चेहरा धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटते ती यामुळेच. अनेकांना तीच स्वच्छतेची खूण वाटते!

सामूचंही तसंच. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, सामू 5 च्या आसपास. नेहमीच्या साबणाचा 9 ते 10. सिरॅमाइड तयार करणारी विकरं (एन्झाइम) आम्लधर्मी वातावरणात नीट काम करतात, म्हणून वारंवार साबण लावला की त्वचेची डागडुजी रखडते. चांगल्या फेसवॉशमध्ये सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बेटेन असे मवाळ सर्फॅक्टंट असतात, बहुधा दोन-तीन एकत्र. मिश्रणात मायसेल सहज बनतात आणि त्वचेत घुसणारे सुटे रेणू कमी उरतात.

मग चहा काय करतो? हिरव्या चहातलं ईजीसीजी हे पॉलिफेनॉल उत्तम अँटिऑक्सिडंट आहे, याबद्दल वाद नाही. पण त्याच्या रेणूचं वजन 458 डाल्टन (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक). साधारण 500 च्या वरचे रेणू त्वचेत शिरत नाहीत असा ठोकताळा आहे. म्हणजे हा काठावरचा, त्यात पाण्यात विरघळणारा. तेलकट थरातून आत जायला त्याला वेळ हवा, आणि फेसवॉश चेहऱ्यावर मिनिटभरही टिकत नाही. क्रीममधल्या चहाकडून थोडी अपेक्षा ठेवता येईल, धुऊन टाकायच्या फेसाकडून फारशी नाही.

प्रमाणाचा अंदाज घ्यायचा तर घटकांची यादी वाचावी. घटक उतरत्या क्रमाने लिहितात, 1 टक्क्याच्या खालचे मात्र कसेही लिहिले तरी चालतात. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक युरोपात जास्तीत जास्त 1 टक्का वापरता येतं. चहाचा अर्क त्याच्या मागे असेल तर तो 1 टक्क्याच्या आतच समजावा. शिवाय ‘अर्क’ म्हणजे बऱ्याचदा पाणी किंवा ग्लिसरीनच जास्त.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हेही खरं नाही. रिठ्याचा फेस सॅपोनिन या नैसर्गिक फेसाळ द्रव्याचाच, पण डोळ्यांत गेला की चांगलाच झोंबतो. कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं. त्या कुळाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्याचाही त्रास होऊ शकतो. सुगंधी तेलांतले लिनालूल आणि लिमोनीन हवेशी संयोग पावून अ‍ॅलर्जीकारक होतात. त्वचा नाजूक असेल तर यादीत ही दोन नावं आधी शोधावीत, चहा नंतर.