उंदराचं स्वादुपिंड, माणसाचं स्वादुपिंड: एका फरकाची पार्श्वभूमी

‘उंदरांवरील प्रयोगात मधुमेहावर मात’ अशी बातमी अधूनमधून येते आणि घरात मधुमेही असलेली माणसं ती आशेने वाचतात. ती आशा खोटी नाही. पण ज्या अवयवावर हा सगळा खेळ चालतो, ते स्वादुपिंड उंदराच्या आणि माणसाच्या पोटात सारखं नसतं. हा फरक नीट समजायला शास्त्राला खूप वेळ लागला. का लागला, हे त्याच्या इतिहासात दिसतं.

आधी डोळ्यांना दिसणारा फरक पाहू. माणसाचं स्वादुपिंड जठराच्या मागे, पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटून आडवं पडलेलं असतं. लांबी साधारण 15 सेंटीमीटर, वजन 100 ग्रॅमच्या आतबाहेर. डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं, शेपूट प्लीहेपर्यंत (पाणथरीपर्यंत) गेलेली. त्याला ठरावीक आकार आहे, कडा आहेत. उंदराचं पोट उघडलं तर असा एकसंध अवयव सापडतच नाही. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यात, चरबीच्या मधून मधून, फिकट गुलाबी ऊती विखुरलेली दिसते. तिचा एक भाग आतड्याकडे, एक प्लीहेकडे, एक जठराकडे. चरबी कुठे संपली आणि स्वादुपिंड कुठे सुरू झालं, हे ओळखायला नवख्या विद्यार्थ्याला चांगलाच सराव करावा लागतो.

माणसाच्या स्वादुपिंडाचा अभ्यास मुळात अवघड. ते खोलवर दडलेलं असतं आणि मृत्यूनंतर स्वतःच्याच पाचकरसाने झपाट्याने विरघळू लागतं. त्यामुळे ताजा मृतदेह मिळणं महत्त्वाचं होतं. 1642च्या मार्चमध्ये इटलीतल्या पादुआ इथे योहान गेऑर्ग विर्सुंग या शरीररचनातज्ज्ञाला फाशी दिलेल्या एका माणसाचं शव मिळालं आणि त्यात त्याला स्वादुपिंडाच्या मधून जाणारी नलिका दिसली. ही रोहिणी की नीला, हेच त्याला कळेना. आत रक्त कधी सापडलं नव्हतं, चांदीच्या सळईवर डाग पाडणारा गढूळ द्रव मात्र सापडत होता. त्याने तांब्याच्या पत्र्यावर तिचं चित्र कोरून त्याचे छाप युरोपातल्या शरीररचनातज्ज्ञांना पाठवले आणि मत विचारलं. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. ही नलिका कशासाठी आहे, हे त्याला शेवटपर्यंत समजलं नाही.

ते समजायला प्राणी कामी आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी सशाच्या आतड्याकडे बारकाईने पाहिलं. माणसात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका जवळजवळ एकाच ठिकाणी आतड्यात उघडतात. सशात स्वादुपिंडाची नलिका पित्तनलिकेच्या सुमारे फूटभर खाली उघडते. सशाला चरबी खाऊ घातल्यावर आतड्यातून निघणाऱ्या लसवाहिन्या (पचलेली चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) दुधासारख्या पांढऱ्या दिसू लागल्या, पण त्या स्वादुपिंडाच्या नलिकेच्या पुढेच. म्हणजे चरबी पचवायला स्वादुपिंडाचा रस हवा. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. इथे दोन प्राण्यांच्या रचनेतला फरक आड आला नाही, उलट त्यानेच उत्तर दिलं.

1869 मध्ये बर्लिनमध्ये पाउल लँगरहॅन्स या विद्यार्थ्याने पेशींची वेगळी बेटं पाहिली, तीही मुख्यतः सशाच्या स्वादुपिंडात. इन्सुलिनसारखी संप्रेरकं हीच बेटं बनवतात, हे पुढे कळलं. 1889 मध्ये स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फोन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. 1921 मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांचं इन्सुलिन शोधण्याचं कामही कुत्र्यांवरच झालं.

उंदीर पुढे आला तो नंतर. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेने एकाच जनुकीय ठेवणीचे उंदीर वाढवले. लठ्ठ होणारे, रक्तातली साखर वाढलेले वाण हाती आले. 1980 मध्ये जपानमधून आपोआप मधुमेह होणाऱ्या उंदराची नोंद झाली. बेटं वेगळी काढण्याची पद्धतही साठच्या दशकात बसली, आधी गिनीपिग आणि मोठ्या उंदरांवर. लहान उंदरात रचनेचीच मदत होते. त्याच्या स्वादुपिंडाच्या नलिका पित्तनलिकेलाच येऊन मिळतात. ती आतड्यापाशी चिमट्याने बंद करायची आणि वरून कोलॅजनेज हे विकर बारीक सुईने सोडायचं. स्वादुपिंड फुगतं, ऊती सुटी होते, बेटं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वेचता येतात.

अशी हजारो बेटं पाहिल्यावर एक चित्र पक्कं झालं: मधोमध इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचा गाभा आणि त्याभोवती ग्लुकागॉन हे रक्तातली साखर वाढवणारं संप्रेरक बनवणाऱ्या अल्फा पेशींचं आवरण. पाठ्यपुस्तकांत हेच छापलं गेलं आणि ते उंदीरवर्गीय प्राण्याचं चित्र आहे, ही गोष्ट मागे पडली. माणसाच्या बेटांत तसं नसतं, हे काही संशोधकांनी आधीही नोंदवलं होतं. पण माणसाची बेटं पुरेशा संख्येने हाती आली ती बेटांच्या प्रत्यारोपणाच्या प्रयत्नांमुळे, विशेषतः 2000 मध्ये कॅनडातल्या एडमंटनच्या यशानंतर. 2005 आणि 2006 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी ती उंदराच्या बेटांशेजारी ठेवून तपासली. उंदरात बीटा पेशींचं बहुमत मोठं असतं. माणसात त्या निम्म्याच्या थोड्या वर, अल्फा पेशी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या. माणसाच्या लहान बेटांत मात्र उंदरासारखी मांडणी बऱ्याच अंशी दिसते, म्हणून हा वाद एका वाक्यात मिटत नाही.

मांडणी वेगळी म्हणजे शेजार वेगळा, आणि शेजारच्या पेशीचं संप्रेरक बीटा पेशीच्या कामावर परिणाम करतं. मज्जातंतूंचंही तेच. उंदराच्या बेटात ते थेट संप्रेरक बनवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचतात. 2011 मध्ये माणसाच्या बेटांत ते विरळ आढळले, आणि जे होते ते बहुतेक रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर जाणारे. म्हणून मेंदूकडून बेटांना मिळणाऱ्या आज्ञांबद्दल उंदरात जे दिसलं, ते माणसाच्या ऊतीत पुन्हा तपासावं लागतं. त्यासाठी लागणारी ऊती आजही मुख्यतः अवयवदात्यांकडूनच मिळते.