तूप गप्प झालं की उतरवा, जिरं गप्प होण्याआधी

कढवायला ठेवलेलं लोणी खळखळतं तेव्हा तो आवाज लोण्याचा नसतो, पाण्याचा असतो. घरच्या लोण्यात पाचव्या हिश्शाच्या आसपास पाणी असतं, थोडी प्रथिनं आणि दुधातली साखर असते, बाकी सारा स्निग्धांश. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. लोण्यातलं पाणी उकळतंय तोवर गॅस मोठा केला तरी भांड्यातलं तापमान त्याच्या आसपासच अडकून राहतं, कारण मिळेल ती उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं की अडसर निघतो आणि पारा भराभर चढतो. तूप साधारण ११० ते १२० अंशांच्या दरम्यान सिद्ध होतं. करपतं ते याच टप्प्यावर, दोन मिनिटं लक्ष नसलं की.

म्हणून तूप कढवताना थर्मामीटरपेक्षा कान उपयोगी पडतो.

सुरुवात सायीपासून. होमोजिनाइज्ड दुधात स्निग्धांशाचे गोळे फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत, त्यामुळे कितीही तापवलं तरी साय जेमतेम धरते. तुपासाठी म्हशीचं, साय धरणारं दूध घ्यावं. आठवड्याची साय फ्रीजमध्ये साठवावी आणि घुसळण्याच्या आदल्या रात्री बाहेर काढून, कोमट झाल्यावर चमचाभर दह्याचं विरजण लावावं. विरजणातले जिवाणू डायअॅसिटिल नावाचं द्रव्य तयार करतात. ताज्या लोण्याचा ओळखीचा वास त्याचाच. एप्रिल-मेमध्ये घुसळताना बर्फाचं पाणी घालावंच लागतं. साय कोमट असेल तर स्निग्धांश पातळ राहतो, कण एकमेकांना धरत नाहीत आणि लोण्याचा गोळा जमत नाही.

गोळा तीनचार वेळा गार पाण्यात धुवावा. ताक लोण्यात राहिलं तर बेरी जास्त पडते आणि तळाला लागते. पण पाणी अगदी नितळ होईपर्यंत धूत बसू नये. तुपाचा खमंगपणा त्या थोड्याशा प्रथिनांतून आणि साखरेतूनच येतो.

अर्धा किलो लोण्यासाठी जाड बुडाचं, निदान दुप्पट मापाचं भांडं घ्यावं, कारण फेस वर येतो. लोणी वितळेपर्यंत मध्यम आच, मग मंद. आधी मोठे बुडबुडे, पांढरा जाड फेस आणि खळखळ. हळूहळू फेस बसतो, बुडबुडे बारीक होतात, आवाज विरत जातो, तळाची बेरी पांढऱ्याची बदामी होऊ लागते. आवाज जवळजवळ थांबला आणि अगदी बारीक, हलका फेस पुन्हा वर आला की गॅस बंद. बेरी तपकिरी होण्याची वाट पाहू नये, कारण जाड बूड नंतरही काही मिनिटं तापतच राहतं. पाच-दहा मिनिटांनी पूर्ण कोरड्या बरणीत गाळावं. साधारण ३७५ ते ४०० ग्रॅम तूप मिळतं. कढवताना विड्याचं पान घालायची रीत आहे, ती सोडू नये. पानातली फिनॉल वर्गातली द्रव्यं तूप खवट होणं लांबवतात.

आयुर्वेदातली औषधी घृतं याच पारखेवर उभी आहेत. शार्ङ्गधर संहितेतलं सर्वसाधारण प्रमाण असं: कल्क (औषधी वनस्पतींचं वाटण) एक भाग, तूप चार भाग, द्रव सोळा भाग. म्हणजे तुपाच्या चौपट पाणी आटवायचं. ते आटलं हे ओळखायच्या खुणा दिल्या आहेत: तुपावरचा फेस बसतो, आणि आतला कल्क विस्तवावर टाकला तर तडतडत नाही. तडतडला तर पाणी बाकी आहे. ही परीक्षा घरीही करता येते. फुलवात नव्या तुपात भिजवून पेटवावी. शांत जळली तर तूप झालं. चटचटली तर पुन्हा पाच मिनिटं मंद आचेवर ठेवावं, नाहीतर महिन्याभरात वास बदलतो.

रवाळ तूप हवं असेल तर बरणी फ्रीजमध्ये ठेवू नये, हलवूही नये. खोलीच्या तापमानाला सावकाश गार होताना कण मोठे होतात. झटकन थंड केलं तर गुळगुळीत गोळा बनतो. पुण्याच्या उन्हाळ्यात ते अर्धवट पातळच राहिलं तर त्यात दोष नाही.

फोडणीत मात्र नियम उलटा होतो. तुपाच्या बाबतीत शांततेची वाट पाहायची, मसाल्याच्या बाबतीत शांतता होण्याआधी पळी उतरवायची. जिऱ्यात थोडा ओलावा असतो. गरम तुपात पडल्यावर त्याची वाफ होते, दाण्याभोवती बुडबुडे येतात, आणि जिऱ्याचा वास देणारं क्युमिनाल्डिहाइड तुपात उतरतं. बुडबुडे थांबले म्हणजे दाणा कोरडा झाला, आता तो फक्त जळणार. मोहरीलाही तडतडायला लावते ती आतली वाफच, पण तिचं टरफल घट्ट म्हणून तिला आच जास्त लागते. तुपाला जिरं, तेलाला मोहरी ही घराघरातली विभागणी म्हणूनच शहाणपणाची. तुपाचा नाजूक वास मोहरी तडतडेपर्यंत तापवण्यात हकनाक जातो. (मोहरीचा झणका हवा असेल तर ती फोडणीला न घालता पाण्यात फेसावी. तो तिखटपणा बनवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, उष्णतेने निकामी होतं.)

वाटीभर तूरडाळीच्या वरणाला एक मोठा चमचा तूप, छोटा चमचा जिरं, दोन चिमटी हिंग, पाव छोटा चमचा हळद. तूप तापलं की एक दाणा टाकून पाहावा. लगेच बुडबुडे आले तर बाकीचं जिरं घालावं. ते फुललं की गॅस बंद करून मग हिंग, मग हळद, आणि दोन-तीन सेकंदांत वरणावर ओतून झाकण. झाकण महत्त्वाचं, कारण उडून जाणारा वास वाफेबरोबर परत वरणात उतरतो. हळद आच चालू असताना घातली की करपून कडवट होते. बाजारातल्या बांधानी हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, तोही लवकर काळा पडतो. रविवार पेठेत खडा हिंग मिळतो. तो बाजरीच्या दाण्याएवढा फोडून घालावा, मोठा खडा आत कच्चा राहतो.

हळद तुपातच का? तिच्यातलं कुर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. १९९८मध्ये बंगळूरमधल्या संशोधकांनी २ ग्रॅम कुर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, दिल्यावर कुर्क्युमिनचं शोषण सुमारे वीसपट वाढलेलं नोंदवलं. आकडा मोठा वाटतो, पण मूळचं शोषण फारच कमी आहे, आणि २ ग्रॅम कुर्क्युमिनसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद लागेल. आपल्या वरणात असतं वीसेक मिलिग्रॅम, तेही चौघांत. वरणातली हळद रंगासाठी आणि चवीसाठी आहे. तिच्यावर औषधाचा भार टाकू नये.

हिंग-जिऱ्याची गोष्ट वेगळी, कारण आयुर्वेदाने त्यांचा विचार जेवणाशी जोडूनच केला आहे. अष्टांगहृदयातलं हिंग्वाष्टक चूर्ण, म्हणजे हिंग, सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, दोन्ही जिरी आणि सैंधव, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपात कालवून घ्यायचं असतं, अग्नी दीप्त व्हावा म्हणून. आपल्या ताटात पहिला घास वरणभाताचा असतो, त्यात हिंग असतो आणि वर तूप. तूप छोटा चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, पुरे. त्यात साठ टक्क्यांहून जास्त संपृक्त स्निग्धांश असतो. ते गरम भातावरच वाढावं. गार भातावर ते थिजतं आणि वास दबून राहतो.